कुठल्या बाटलीत काय

"सिस्टर, हे भगरीचं पीठ टाकून देऊ का म्हशीला घालू?"

अक्कांनी कुंपणावरून स्टीलचा डबा पुढं धरला. परवा एकादशी, म्हणून त्यांनी सकाळपासून फळी आवरायला काढली होती. सिस्टरबाईंनी डबा हातातही घेतला नाही.

"कधीचं हाय?"

"नवरात्रातलं."

"कंच्या नवरात्रातलं, ते सांगा."

अक्का नुसत्या हसल्या. त्या हसल्या की उत्तर मिळालं असं समजायचं.

"मग म्हशीला बी घालू नका. तिनं कुठं उपास धरलाय?"

आमच्या तीन घरांचं मिळून एकच कुंपण आहे, अर्धं काटेरी तारेचं आणि अर्धं झाडांचं. सिस्टरबाईंची उभी नोकरी आरोग्य उपकेंद्रांत गेली. निवृत्त होऊन लातूरकडच्या मुरुडला घर बांधलं, तरी गल्लीतली माणसं अजून तारेवरून दंड पुढं करतात, बीपी बघा म्हणून. अक्का वयानं सगळ्यांत थोर. त्यांच्याकडं प्रत्येक दुखण्यावर उतारा असतो आणि तो बहुतेक वेळा चिंच नाहीतर तूप असतो. मी मधल्या घरातली. दोघींचं ऐकणं आणि फार ताणलं गेलं तर चहा टाकणं, एवढंच माझं काम.

"भगरीचं मला काय सांगता," अक्का झाकण लावत म्हणाल्या. "लोह्याकडं माझ्या नंदेची लेक दिलीया. तिकडं एका एकादशीला धा हजार माणूस आडवं झालतं."

"दोन हजार."

"दोन काय न् धा काय."

"आठ हजाराचा फरक हाय, अक्का."

गप्पांत आकडा फुगतो आणि सिस्टरबाई त्याला टाचणी लावतात, हे रोजचंच. ती 6 फेब्रुवारी 2024 ची एकादशी. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीला धार्मिक कार्यक्रम होता. आजूबाजूच्या गावांतून माणसं आली, संध्याकाळी प्रसाद घेऊन घरी गेली आणि रात्र सरता सरता उलट्या-जुलाब सुरू झाले. लोह्याचं रुग्णालय पुरलं नाही, पुढं नांदेडला शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत माणसं न्यावी लागली. त्याच महिन्यात पुढच्या एकादशीला बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला तीच गत झाली. तिथं बिबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा संपल्या, तेव्हा बाहेर झाडांना दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या टांगल्या होत्या. ते फोटो सगळ्या राज्यानं पाहिले.

"दोन्हीकडं भगरच?" मी विचारलं.

"भगर न् आमटी. एकादशीला दुसरं काय करत्यात?" सिस्टरबाई म्हणाल्या. "भगरीला ओल लागली की बुरशी धरती. डोळ्याला दिसंलच असं न्हाई. त्या बुरशीतून फ्युमिगाक्लेव्हीन म्हणून विष तयार होतंय. अन्न-औषधवाले सणाच्या आदी दरवर्षी पेपरात छापत्यात, सुट्टी भगर घेऊ नका, तारीख बघून बंद पुडा घ्या, पीठ दळून साठवू नका."

"फुगी... काय म्हणलाव?"

"ऱ्हाऊ द्या. जुनं पीठ म्हणा."

यावर माझं एक मत आहे, ते मी त्या दिवशी बोलले नाही. रोजच्या जोंदळ्याच्या पिठाला जरा कुबट वास आला तर आपल्या बाया डबा उपडा करतात. उपासाच्या वस्तूचं तसं होत नाही. ती देवाची म्हणून वेगळ्या डब्यात, उंच फळीवर, सहा-सहा महिने बसते आणि तिला वास आला तरी कोणी तोंडातून काढत नाही. शिवाय दिवसभराच्या रिकाम्या पोटावर नेमकी तीच पडते.

अक्कांनी डबा उकिरड्यावर रिकामा केला खरा, पण बरंच पुटपुटत. परत येतायेता त्यांनी जी हाक मारली तिनं आम्ही दोघी दचकलो. त्यांचा नातू कुंपणाच्या झाडाखाली उकिडवा बसून हिरवं फळ दगडानं फोडत होता.

"आरं टाक ते! थू कर, थू!"

फळ चंद्रज्योतीचं. आपल्याकडं हिला मोगली एरंड म्हणतात. शेळी तोंड लावत नाही, पाणी मागत नाही, फांदी खोचली की जगते, म्हणून शेताच्या बांधावर आणि घराच्या कडेला हीच. वीसेक वर्षांपूर्वी हिच्या बियांपासून डिझेल निघणार म्हणून सरकारनंही हिचे फार लाड केले होते, पडीक जमिनीवर, रेल्वेच्या कडेला लागवडी झाल्या. डिझेलची हवा गेली, झाडं राहिली. बी फोडली की आत पांढरा गर, चवीला शेंगदाण्यासारखा गोड. लेकरांना एवढंच पुरतं. शाळेच्या मधल्या सुट्टीत कुणीतरी एक खातो, बाकीच्यांना वाटतो, आणि दुपारी आठ-दहा पोरं ओकायला लागतात. आपल्या राज्यात ही बातमी इतक्यांदा येते की पेपरवाल्यांना फक्त गावाचं नाव बदलावं लागत असेल.

"किती खाल्ल्या?" सिस्टरबाई तारेखालून वाकून पोराशी बोलत होत्या. ओरडल्या नाहीत, हे मी मुद्दाम सांगते. "खरं सांग, मारणार न्हाई कुणी. एक? दोन?"

पोरानं तोंड उघडून दाखवलं. अजून फुटलंच नव्हतं फळ.

"आता कसं," म्हणून अक्कांनी पोराच्या पाठीत एक धपाटा घातलाच.

"हे चुकलं बगा. आता खरंच खाल्लं तर सांगंल का ते तुमाला?"

अक्का ओशाळल्या, पण लगेच सावरून म्हणाल्या, "खाल्लंच आसतं तर काय! मिठाचं पाणी पाजून वकायला लावलं आसतं. पोटात ऱ्हायलंच न्हाई तर बाधंल कसं?"

इथं खरं भांडण सुरू झालं.

सिस्टरबाईंचं म्हणणं असं की, उपकेंद्रात असताना विष खाल्लेल्यांपेक्षा घरच्या उपचारांनी बिघडलेले जास्त पाहिले. मिठाचं पाणी, साबणाचं पाणी, घशात बोटं, लिंबू, चिंचेचा कोळ, तूप, कच्ची अंडी. यातलं काही करायचं नाही. घासलेट, थिनर, टर्पेन्टाइन प्यालेल्या लेकराला ओकायला लावलं तर ते वर येताना थोडं श्वासनळीत उतरतं आणि फुप्फुसाला सूज येते. पोटापेक्षा फुप्फुसातलं घासलेट वाईट. बाथरूमचं ॲसिड जाताना घसा भाजत जातं आणि ओकलं की येताना पुन्हा तीच वाट भाजते. झटके येत असले, गुंगी असली, तर ओकारी थेट फुप्फुसात. मिठाचं जास्त पाणी पाजलं तर लहान लेकराच्या रक्तात मीठ वाढून तेच जिवावर बेततं.

"मग दूध?"

"दूध न्हाई, तूप तर न्हाईच. काही विषं तुपातच लवकर मुरत्यात."

"मग काय नुसतं बगत बसायचं का?"

"तोंडात ऱ्हायलेलं बोटानं काढायचं, चूळ भरायला लावायची. अंगावर सांडलं तर कपडे काढून साबणपाण्यानं धुवायचं. डोळ्यात गेलं तर नळाखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धरायचा, चिमूटभर पाणी शिंपडून भागत न्हाई. गुंगीत असलं तर कुशीवर निजवायचं. आन् गाडी काढायची. पोट धुवायचं का न्हाई, कोळसा द्यायचा का न्हाई, ते दवाखान्यातले बगत्यात. त्याचा उपयोग बी पहिल्या तासाभरातच जास्त. आन् तुमचं मिठाचं पाणी, लिंबू, मग देवाला नारळ, मग शेजारणीला हाक, ह्यातच तो तास जातोय."

शेजारणीला हाक म्हणताना त्यांनी माझ्याकडं का बघितलं ते कळलं नाही.

पोराला मी बिस्कीट दिलं आणि चहा टाकायला आत गेले. परत आले तोवर विषय रस्त्यावर गेला होता. फिनेलवाला आला होता. सायकलला दोन्ही बाजूंनी पिशव्या, पिशव्यांत पाण्याच्या आणि थंडाच्या रिकाम्या बाटल्या, कुठं पांढरं, कुठं हिरवं, कुठं पिवळं. दुकानापेक्षा निम्म्या भावात. अक्का त्याचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी एक पांढरी आणि एक पिवळी घेतली. पिवळं म्हणजे संडास-बाथरूमचं ॲसिड, लिंबाच्या सरबताच्या बाटलीत, वर सरबताचं लेबल शाबूत.

सिस्टरबाईंनी तो गेल्यावर बाटली उन्हात धरली. "अक्का, ह्याच्यावर काय ल्हिवलंय वाचा."

"मला कुठं वाचाय येतंय."

"लेकराला तर येतंय ना? सरबत ल्हिवलंय."

त्यांचं सगळं म्हणणं ह्या एका बाटलीत होतं, असं मला तरी वाटलं. आपल्या घरात विष चोरपावलांनी येत नाही. आपणच ते बाजारातून पैसे मोजून आणतो, आणि मग त्याच्या अंगावरचं खरं नाव काढून दुसऱ्याच्या बाटलीत घालतो. शेजारच्या शेतकऱ्याकडून अर्धा लिटर तणनाशक उसनं आणायचं तर बिसलेरीच्या बाटलीत. थिनर उरलं तर पाण्याच्या बाटलीत. सासूबाईंच्या बीपीच्या, साखरेच्या गोळ्या गोळ्यांच्या पानातून सोडवून, खडीसाखरेच्या डबीत. साखरेची एक गोळी मोठ्या माणसाची साखर आटोक्यात ठेवते, पण दोन वर्षांच्या लेकराची इतकी उतरवते की ते शुद्धीवर राहत नाही. गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून मिळतात त्या लोहाच्या लाल गोळ्या तर दिसायलाच चॉकलेट. त्या लेकरानं मूठभर खाल्ल्या तर पोटात रक्तस्राव होतो. देव्हाऱ्यातला कापूर पांढरा, चौकोनी, खडीसाखरेच्या शेजारी. लहानग्यानं त्याच्या थोड्या वड्या गिळल्या तर अर्ध्या तासाच्या आत झटके येऊ शकतात. डांबरगोळ्याही विषारीच. बाटलीवरचं लेबल हा दवाखान्यात नेण्याजोगा एकमेव कागद असतो आणि तोच आपण आधी फाडतो.

"आन् हे दोन्ही एकत्र वतू नका हं," सिस्टरबाईंनी बजावलं. "ॲसिड न् ब्लीचिंग पावडर. डोळ्याला पाणी, छातीत आग. क्लोरीनचा गॅस होतोय. संडासाचं दार बंद करून घासणारी बाई आतच पडती."

"माय! मी तर दोन्ही टाकते. दोन टाकलं की जास्त निघतंय म्हून."

"म्हणूनच तुमाला परवा खोकला झालता."

"तो थंडीचा."

ह्या दोघींच्यात कुणी हरत नाही.

उंदरांचा विषय मात्र मीच काढला. सोयाबीन घरात येऊन पडलं की उंदीर मागोमाग येतात आणि आठवडी बाजारात उंदराच्या औषधाचा माणूस कर्णा लावून बसतो. ट्यूबमधली पेस्ट, केकच्या वड्या, पुड्या. त्या पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. ट्यूब टूथपेस्टसारखी, ठेवलेली खिडकीत, टूथपेस्टच्या शेजारी. धारावीत 2021 साली एका अठरा वर्षांच्या मुलीनं सकाळी झोपेत हाताला आली ती ट्यूब घेऊन दात घासले. चव वेगळी लागली म्हणून लगेच चूळ भरली, पण घरी रागावतील म्हणून दोन-तीन दिवस काही बोलली नाही. ती वाचली नाही. पुढच्याच वर्षी मुंबईतच मालाडला एका बाईनं उंदरासाठी टोमॅटोला औषध लावून ठेवलं आणि नंतर टीव्ही बघत बघत तोच टोमॅटो चिरून नूडल्समध्ये टाकला. स्वतःच खाल्लं. तीही गेली.

अक्का काही बोलल्या नाहीत. पदराचं टोक हातात आलं.

"ह्या पेस्टचं वाईट काय, ठाव हाय का?" सिस्टरबाई हळू आवाजात सांगत होत्या. "पहिल्या दिवशी मळमळ, उलटी. मग एक-दोन दिवस माणूस बरं वाटाय लागतं. उठतंय, जेवतंय, खेळतंय. घरचे म्हणत्यात, पचलं. आन् तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे. आत लिव्हर गेलेलं असतंय. वड्यांचं दुसरं. ते रक्त पातळ करतंय, लगेच काहीच दिसत न्हाई, मग दोन-चार दिवसांनी हिरड्यातून, लघवीतून रक्त. त्याला व्हिटॅमिन के चालतंय, पण वेळेत आलं तर. म्हणून लेकरू खेळतंय म्हणून घरी बसायचं न्हाई. खाल्लं म्हणजे दवाखान्यात जायचं, लक्षण येवो न येवो."

"आन् धान्यातल्या गोळ्या?" अक्कांनी विचारलं. ही त्यांच्या घरातली गोष्ट होती, कारण कोठीत हरभऱ्याचं पोतं आणि त्यात सल्फासची पुडी असते, हे गल्लीला ठाऊक आहे.

"त्या तर घरात पायजेतच कशाला? हवेतली ओल लागली की त्यातनं फॉस्फीन गॅस सुटतोय. मोठ्या गोदामात ताडपत्री घालून, शिकलेल्या माणसानं करायचं काम हे. आपण पोत्याच्या शेजारी अंथरूण टाकून निजतोय."

"मग किडं?"

"तुमच्या सासूनं काय केलतं?"

इथं अक्कांचा चेहरा खुलला. तुरीला न् हरभऱ्याला एरंडेलाचा हात, गव्हाला कडक ऊन, कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला, माठात राख. पुढची दहा मिनिटं त्यांनी आम्हाला धान्य साठवायला शिकवलं आणि सिस्टरबाईंनी एकदाही टाचणी लावली नाही. गावात जुनं जाणणाऱ्या बाईकडून मिठाचं पाणी सोडून बाकी पुष्कळ घेण्यासारखं असतं, हे त्यांनाही ठाऊक आहे.

मधेच अक्कांचा थोरला शेतातून आला. पाठीवर पंप, अंगात बनियन, तोंडाला काही नाही. सिस्टरबाईंनी त्याला तारेजवळच थांबवलं.

"दादा, हात धुतले का?"

"घरीच धुतो की."

"भाकर मोडायच्या आदी का नंतर?"

तो हसत आत गेला. त्याच्या मागं सिस्टरबाईंनी यवतमाळचं काढलं. 2017 च्या पावसाळ्याअखेर तिकडं कापूस डोक्याएवढा वाढला होता. फवारा खालून वर मारावा लागे आणि तो वाऱ्यानं परत मारणाऱ्याच्याच अंगावर. वेगवेगळी औषधं एकात एक मिसळलेली. वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो जणांना दवाखान्यात नेलं, काहींना कितीतरी दिवस नीट दिसत नव्हतं. राज्य सरकारनं मग काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली.

"डब्यावर चौकोनात रंगाचा तिकोन असतोय," त्या अक्कांना सांगत होत्या. "लाल सगळ्यांत वाईट, मग पिवळा, मग निळा, हिरवा त्यातल्या त्यात बरा. हिरवा म्हणजे सरबत न्हाई हं. आन् त्या डब्यावरच ल्हिवलेलं असतंय कंचं औषध हाय न् उतारा काय. घाम सुटला, तोंडातनं लाळ गळाय लागली, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी झाली तर डॉक्टर ॲट्रोपिन सुरू करत्यात. पण डबा हातात दिला तर वेळ वाचतोय. रिकामा असला तरी न्यायचा."

"आमचा थोरला डबे धुवून पाणी ठेवाय वापरतोय."

सिस्टरबाईंनी डोळे मिटले. नंतर म्हणाल्या, "आज संध्याकाळी येते मी तुमच्या घरला."

मग अक्कांनी आवाज खाली आणला. कुंपणावर आवाज खाली आला की खरी गोष्ट निघते. पलीकडच्या गल्लीतल्या एका घरातली सून. नाव मी लिहीत नाही, आणि अक्कांनीही घेतलं नाही, नुसती भुवई त्या दिशेनं नेली. तिनं काहीतरी घेतलं होतं म्हणे. घरच्यांनी दवाखान्यात सांगितलं, शिळं खाल्लं. लोक काय म्हणतील, पोलीस येतील, माहेरचे केस करतील.

"आन् डॉक्टर शिळ्या अन्नाचं औषध देत बसले," सिस्टरबाई म्हणाल्या. त्यांना राग आला होता, आणि तो त्या घरावरचा नव्हता हे मला कळत होतं. "अक्का, ती बाई दोन दिवस उशिरा सुधारली कशानं, सांगू का? आपल्या ह्या कुंपणानं. आपण इथं उभं ऱ्हाऊन काय बोलू ह्याच्या भीतीनं."

अक्कांनी भुवई परत जागेवर आणली.

पोलिसांचं खरं एवढंच आहे की विषाच्या रुग्णाची दवाखान्यात नोंद होते. पण नोंदीसाठी उपचार थांबवायचे नाहीत, आधी जीव वाचवायचा आणि कागद मागून करायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं 1989 साली परमानंद कटारा खटल्यात सांगून ठेवलंय, खासगी डॉक्टरांसकट सगळ्यांना. आणि ज्यानं स्वतःहून घेतलं असेल त्याला गुन्हेगार न मानता तो फार ताणाखाली होता असं धरायचं, हे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. सिस्टरबाईंना कलमं पाठ नाहीत, पण मतलब पाठ आहे. "डॉक्टरला खोटं सांगू नका. काय घेतलं, किती वाजता, किती, काय काय घरी पाजलं. मिठाचं पाणी पाजलं असलं तर ते बी सांगा, अक्का."

"लागलाव का माझ्याच मागं!"

"आन् औषधाचा डबा कुलपात. लेकरासाठीच न्हाई. सोयाबीनचा भाव पडलेला असतो, बँकेचं पत्र आलेलं असतं, घरात वाजलेलं असतं. त्या एका घटकेला हाताला लागलं न्हाई तर माणूस वाचतंय. घटका निघून जाती. मी पाहिलेत तसे वाचलेले, आज नातवंडं खेळवाय लागलेत."

मन फार खचलं असेल तर 14416 हा टेली-मानसचा फुकट नंबर आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलतात, हे त्यांनी मला सांगितलं. मी तो त्या भुवईच्या दिशेच्या घरी पोचवावा, असा त्याचा अर्थ मी घेतला आणि संध्याकाळी पोचवलाही, दुसरंच काही मागायच्या निमित्तानं.

"बरं, आमच्या हितं झालं तर जायचं कुठं?" अक्का मुद्द्यावर आल्या. "घरचं कायबी करायचं न्हाई म्हणताव, मग?"

"आदी 108. डॉक्टर असतोय त्या गाडीत, पैसे न्हाईत. गाडी यायला वेळ लागंल असं वाटलं तर शेजाऱ्याची काढायची. आपला मुरुडचा सरकारी दवाखाना जवळ, तिथं सुरुवात होती. पुढं लातूरला विलासराव देशमुख मेडिकल कॉलेज. बार्शी रोडनं सरळ. अंबाजोगाईकडच्यांनी अंबाजोगाईला, नांदेडकडच्यांनी विष्णुपुरीला. व्हेंटिलेटर कुठं हाय ते आदी फोनवर विचारायचं, चार दवाखाने फिरत बसायचं न्हाई."

"आन् दिल्लीला एक नंबर हाय," मी म्हणाले. हा मला ठाऊक होता, म्हणून जरा मिरवून घेतलं. दिल्लीच्या एम्समध्ये 1995 पासून विषमाहिती केंद्र आहे. 1800 116 117, फुकट, चोवीस तास. लेकरानं अमुक खाल्लंय म्हणून सांगितलं की ते विषारी आहे का, किती, घरी थांबायचं की पळायचं, ते सांगतात. आपल्या डॉक्टरलाही तिथं विचारता येतं. हिंदीत बोलावं लागतं एवढंच.

"हिंदी येती की मला," अक्का म्हणाल्या. "इतकी सिरियलं बगते मी. पर नंबर ध्यानात ऱ्हाणार न्हाई. मोबाइलात घालून दे गं."

त्यांचा बटणांचा फोन मी हातात घेतला. "काय नावानं टाकू?"

"दिल्लीची मावशी म्हून टाक. घरात विष नाव नगं."

"नको," सिस्टरबाई तारेपलीकडून गरजल्या. "पुन्हा सरबताची बाटली! सुनेला घाईत कसं सापडंल? विष म्हणूनच टाक."

अक्कांनी बराच विचार केला. मग मान डोलावली. मी नंबर घातला, नाव घातलं आणि यादी उघडून त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला.

"वाचून दाखव. खाली कुणाचं नाव हाय?"

"खाली विहीणबाई आहे."

"आगं बया," अक्का कुंपणाला धरून हसत सुटल्या. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. जागेवर बसलंय."

"अक्का, हेच मगाशी बोलत हुतो ना आपण? कुंपणावरचं बोलणं?"

"ते सुनेचं. विहिणीला चालतंय."

तेवढ्यात आतून थोरल्याची हाक आली, भाकर वाढा म्हणून, आणि सिस्टरबाईंनी तिकडं तोंड करून विचारलं, "हात धुतले का, दादा?"